एकशब्दी

प्रत्येक सोसायटीत पाण्याच्या वेळा सांगणारा एक असतो, पार्किंगवरून भांडणारा एक असतो आणि सिनेमाचा माहितगार एक असतो. पहिल्या दोघांचा काही ना काही उपयोग होतो. तिसऱ्याबद्दल मतभेद आहेत.

आमच्या डोंबिवलीच्या माहितगाराने सबंध सिनेमासृष्टी अंगावर घेतलेली नाही. वीज मंडळात बिलं तपासता तपासता निवृत्त झालेला माणूस, आपला आवाका ओळखून असतो. त्यांनी फक्त एका शब्दाच्या नावाचे सिनेमे घेतले. 'शोले', 'पाकीझा', 'पिंजरा', 'सायको', 'सैराट'. नावात दुसरा शब्द शिरला की यांचा संबंध संपला. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'बद्दल कुणी काही विचारलं तर "ते खातं माझ्याकडे नाही" असं सांगून मोकळे होतात. बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'एकशब्दी काका' म्हणतात. हे त्यांच्या कानावर आहे आणि मनातून आवडतंही. या नावात दोन शब्द आहेत, हे अजून कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलेलं नाही.

नियम एकच, पण कडक: नावाच्या मध्ये मोकळी जागा नको. कुठल्याशा पतपेढीची जुनी डायरी आहे, तिच्यात निळ्या शाईने सिनेमाचं नाव, साल आणि माहिती, आणि समोर लाल शाईत बरोबरची खूण. तळमजल्यावरच्या निवृत्त मराठीच्या बाईंनी एकदा हरकत घेतली, "'नटसम्राट' कसा चालतो हो तुम्हाला? नटांचा सम्राट, षष्ठी तत्पुरुष. पदं दोन झाली." काका म्हणाले, "जोडून लिहितात ना? मग एकच. विग्रह करायला मी बसलेलो नाही." बाईंनी तेव्हापासून समास काढलेला नाही.

'मुघल-ए-आझम'चा निकाल मात्र लागायचाय. १९६०चा के. आसिफचा एवढा मोठा सिनेमा हातचा सोडवत नाही. शब्द तीन दिसतात, पण मध्ये मोकळी जागा कुठेच नाही, नुसत्या रेघा आहेत. डायरीत त्याचं पान आहे, माहिती भरलेली आहे, लाल खूण तेवढी नाही. कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला प्रकरण प्रलंबित ठेवण्यातलं सुख कळतं.

एक दुःख आहे. ज्या गावात हयात गेली त्या गावाच्या नावाचा मराठी सिनेमा आला, चांगला आला, गाजला, आणि नाव काय, तर 'डोंबिवली फास्ट'. दोन शब्द! २००५ साली निशिकांत कामतांनी हा घाव घातला. पुढे त्याच कामतांनी २०१५ साली हिंदी 'दृश्यम' केला तेव्हा काकांनी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं.

याउलट प्रभातवर त्यांचा फार जीव. शांतारामबापूंनी १९३७ साली मराठीत 'कुंकू' काढला, तोच हिंदीत 'दुनिया न माने'. "बघा, जे मराठीत एका शब्दात झालं त्याला हिंदीत तीन लागले," असं सांगताना त्यांची छाती पुढे येते. लगोलग दुसरी माहिती: 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरेखुरे आवाजच वापरले आहेत. आणि शांता आपटे त्यात चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. पुढच्या 'माणूस'चा हिंदीत 'आदमी' झाला आणि 'शेजारी'चा 'पडोसी', म्हणजे हिंदीवाल्यांनाही अक्कल आली, असं काकांचं मत. ते मत आहे, माहिती नव्हे. पण आवाज दोन्हींना सारखाच लागतो.

यांच्याबरोबर सिनेमा बघणं हा वेगळा विषय आहे. सांगण्यासारखं काही आलं की उजव्या हाताची तर्जनी वर जाते. तिचा अर्थ "थांबा" असाही असतो आणि "एक शब्द" असाही. पडद्यावर 'टायटॅनिक'. नायक नायिकेचं चित्र काढतोय, खोलीत पेन्सिलीचा आवाज तेवढा, नुकतंच लग्न झालेली भाचेसून नवऱ्याला टेकून बसलेली. तर्जनी वर. "तो हात त्या पोराचा नाही, दिग्दर्शक कॅमेरूनचा आहे. कॅमेरून डावखुरा, नट उजवा, म्हणून चित्रण उलटं फिरवून घेतलंय." भाचेसून सरळ बसली. पुढे जहाज बुडेपर्यंत तिला नायकाच्या जागी दाढीवाला कॅमेरूनच दिसत राहिला.

'सायको'ची हीच गत. न्हाणीघराचा प्रसंग जवळ आला, पोरांनी उश्या छातीशी धरल्या, आणि हे शांतपणे म्हणाले, "ते रक्त म्हणजे चॉकलेटचं सरबत आहे. काळ्यापांढऱ्या सिनेमात ते रक्तापेक्षा रक्तासारखं दिसतं. पाऊण मिनिटाचा प्रसंग, चित्रण चाललं आठवडाभर." पोरांची भीती गेली आणि धाकटीचं चॉकलेटही सुटलं, त्यामुळे तिची आई काकांवर खूश आहे. 'जॉज'मधल्या यांत्रिक माशाचं नाव ब्रूस, ते स्पीलबर्गने स्वतःच्या वकिलावरून ठेवलेलं, आणि तो मासा समुद्रात सारखा बंद पडे. म्हणून तो कमी दाखवला, आणि कमी दाखवला म्हणूनच लोक जास्त घाबरले. "मासा चालला नाही म्हणून सिनेमा चालला," हे काकांचं वाक्य. दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणतात.

त्यांना पुरती ओळखून असलेली व्यक्ती एकच, काकू. दोन ऑक्टोबरला टीव्हीवर 'गांधी' लागतो. महायात्रेच्या प्रसंगाला काकू डोळ्यांना पदर लावतात. शेजारच्या खुर्चीत तर्जनी हलते. काकू मान न वळवता म्हणतात, "तीन लाख माणसं, सगळी खरी. ठाऊक आहे. गप्प बसा." काका गप्प बसतात. थोड्या वेळाने पुटपुटतात, "३१ जानेवारी १९८१ला चित्रण केलं." तेवढं काकू चालवून घेतात. भानू अथैयांचा विषय निघाला तर मात्र काकूच तर्जनी वर करतात, कारण त्यांचं माहेर कोल्हापूर. भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. "जॉन मोलोबरोबर विभागून," काका दुरुस्ती करतात, आणि रात्रीची भाजी विभागून मिळते.

विभागून मिळालेल्या पारितोषिकांवर त्यांचं विशेष लक्ष. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडींना ब्रिटनचा बाफ्टा मिळाला, तोही विभागून. दुसरी मानकरी 'रेड्स'ची मॉरीन स्टेपलटन. "'गांधी' एक शब्द, 'रेड्स' एक शब्द," असं म्हणून काका जे हसतात ते आपल्या पोरीचं लग्न जमल्यासारखं.

या हिशेबातून त्यांनी एक सिद्धान्तही काढलाय. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान, म्हणजे सुवर्णकमळ, मराठीकडे आलं ते 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' यांच्यामुळे. चारही एकशब्दी. 'देऊळ'ला ते 'ब्यारी'बरोबर विभागून मिळालं, तोही एकशब्दी. तेव्हा नाव लहान ठेवा आणि कमळ घेऊन जा. बाईंनी इथे पुन्हा तोंड उघडलं, "आणि अत्र्यांची 'श्यामची आई'? पहिला मान तर तिचा!" काका अडतील असं आम्हाला वाटलं. ते म्हणाले, "आईला नियम लागत नाही." बाई निरुत्तर. एका शब्दाचं नाव ठेवूनही पहिल्याच आठवड्यात उतरलेले सिनेमे किती, याची यादी डायरीत नाही, आणि तो प्रश्न कुणी त्यांना विचारतही नाही.

गेल्या गणपतीत मंडळाने त्यांना आरती आणि प्रसाद यांच्यामध्ये प्रश्नमंजूषेसाठी थोडा वेळ दिला. काका इस्त्रीचा झब्बा घालून, माइकवर दोनदा टिचकी मारून उभे. पहिला प्रश्न: "'शोले'ला फिल्मफेअरची पारितोषिकं किती?" कुणी नऊ म्हणालं, कुणी बारा. मागच्या रांगेत सहावी-सातवीतला एक मुलगा खुर्चीखाली फोन धरून बसला होता. तो ओरडला, "एक!"

"कुणाला?"

मान खाली गेली, अंगठा फिरला. "एम. एस. शिंदे."

"कशासाठी?"

"एडिटिंग."

"म्हणजे काय करतात?"

इथे पोराचा अंगठा थांबला. काकांना त्याच्या फोनचा राग आला नाही. ते मखराशी गेले, सजावटीतून उरलेली क्रेप कागदाची लांब पट्टी उचलली, डेकोरेटरच्या पोराकडून कात्री घेतली आणि त्या मुलाला पुढे बोलावलं. पट्टीवर स्केचपेनने पाच-सहा चौकोन काढले. हा गब्बर, हा ठाकूर, ही घोडी, ही बसंती. मग कचकच कापले. आधी ठाकूर लावला, मग गब्बर, आणि म्हणाले, "आता ठाकूर गब्बरला शोधतोय." तुकड्यांची अदलाबदल केली. "आता गब्बर ठाकूरला शोधतोय. माणसं तीच, कागद तोच. अशी जवळजवळ तीन लाख फूट फिल्म समोर होती. तीतून सव्वातीन तासांचा सिनेमा शिंद्यांनी काढला. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक 'दीवार'ने नेलं, 'शोले'ला एवढं एकच आलं, आणि ते आपल्या शिंद्यांना."

पोरं खुर्च्या सोडून पुढे आली. एकाने विचारलं, "शेवटचा तुकडा कुठाय?" काकांचा चेहरा उजळला. त्यांनी शेवटचा चौकोन कापून वेगळा धरला. "हा सेन्सॉरने काढायला लावला. यात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारून टाकतो. १९७५चं साल, आणीबाणी चालू. पोलिसातल्या जुन्या अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला चालणार नव्हता. मग नवा शेवट चित्रित केला आणि ऐन वेळेला पोलीस आले." तेवढ्यात सेक्रेटरी आले. "काका, मोदक गार होतायत." ठरलेल्या प्रश्नांपैकी पुष्कळ राहून गेले. तो तुकडा मात्र फोनवाल्या पोराने खिशात घातला, मी पाहिलं.

हल्ली या जातीच्या माणसांचे दिवस कठीण आहेत. पूर्वी लोकलमध्ये यांना बसायला खिडकीजवळची जागा मिळे, कारण ठाण्यापर्यंत मनोरंजन व्हायचं. आता काकांनी 'पाकीझा' म्हणायच्या आत समोरचा फोन काढून वाचून दाखवतो: प्रदर्शन ४ फेब्रुवारी १९७२, मीनाकुमारीचं निधन ३१ मार्च १९७२. काका ऐकून घेतात. मग हळूच 'बेईमान' काढतात. त्याच वर्षीचा सिनेमा, तोही एकशब्दी. प्राण यांना त्यासाठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर जाहीर झालं आणि शंकर-जयकिशनना संगीताचं. प्राण यांनी आपलं पारितोषिक नाकारलं. त्यांचं म्हणणं, संगीताचा मान 'पाकीझा'च्या गुलाम मोहम्मदना मिळायला हवा होता. आणि गुलाम मोहम्मद तर १९६८ सालीच वारलेले. गेलेल्या माणसासाठी, ज्याचा आपल्याला काही फायदा नाही अशा माणसासाठी, एका खलनायकाने हातातलं सोडलं. हे सगळं फोनमध्ये आहेच. पण 'पाकीझा' शोधणारा 'बेईमान'पाशी जाणार कशाला? काका जातात. डायरीत ती दोन पानं समोरासमोर आहेत.

नटनट्यांच्या भानगडी मात्र त्या डायरीत नाहीत. कोण कुणाबरोबर पळालं, कुणी कुणाला थोबाडीत मारली, हे विचारलं तर काका ऐकू न आल्यासारखं करतात. संकलक, संगीतकार, कपडे शिवणाऱ्या बाई, वकिलाच्या नावाचा मासा, यांच्यातच ते रमतात. नायकाचं काय, त्याला ओळखणारे पुष्कळ आहेत.

एक उणीव राहतेच. या माणसाला सिनेमाची गोष्ट सांगता येत नाही. 'उंबरठा'च्या शेवटी स्मिता पाटील घर का सोडते, असं भाचेसुनेने विचारलं तर म्हणाले, "हिंदीत 'सुबह'. एकच शब्द." उत्तर काकूंनी दिलं, स्वयंपाकघरातून, आणि ते चांगलं अर्धा तास चाललं. काका मान हलवत ऐकत होते.

तेव्हा शेजारधर्म म्हणून सांगतो. असे कुणी तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील तर सिनेमा बघायला त्यांना बोलावू नका. बघून झाला की जरूर बोलवा, आणि काकूंनाही बोलवा. 'मुघल-ए-आझम'चं नाव तेवढं काढू नका. काढलंत तर दूध जास्तीचं घेऊन ठेवा, कारण चहा किमान तीनदा होतो.