गरुडाने पाच महिने खाल्लं काय?

जुन्या समजुती तपासून पाहा, नव्या विचारांसाठी मन उघडं ठेवा, हे सांगायला जो माणूस व्यासपीठावर येतो, त्याच्याकडे हमखास एक गरुड असतो. गालाला चिकटलेला माइक, हातात स्लाइड पुढे सरकवायचं यंत्र आणि चौथ्या स्लाइडवर पंख पसरलेला गरुड. शिबिर लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये असो, कारखान्याच्या कँटीनमध्ये खुर्च्या मांडून असो की तालुक्याच्या गावी मास्तरांसाठी असो. वक्ता बदलतो, गरुड तोच.

गोष्ट तुम्हाला पाठ असणार. गरुड 70 वर्षं जगतो. पण चाळिशीत त्याची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. आता दोनच मार्ग, मरण किंवा परिवर्तन. मग गरुड उंच कड्यावर जातो आणि चोच खडकावर आपटून आपटून तोडून टाकतो. नवी चोच आली की तिने नखं उपटतो. नवी नखं आली की त्यांनी पिसं उपटतो. ही यातना 150 दिवस चालते. त्यानंतर तो आणखी 30 वर्षं आकाशावर राज्य करतो. इथे दिवे मंद होतात, बासरी वाजते आणि पहिल्या रांगेतले साहेब डोळे टिपतात.

माझी शंका अगदी बारीक आहे. या पाच महिन्यांत गरुडाने खाल्लं काय?

चोच नाही, म्हणजे मांस फाडता येणार नाही. पुढे नखंही नाहीत, म्हणजे शिकार धरता येणार नाही. पिसं नाहीत, म्हणजे कड्यावरून खाली येऊन कुणाकडे उसनंपासनं मागायचीही सोय नाही. आपल्याकडे चातुर्मास कडक पाळणारी माणसंसुद्धा साबुदाणा, वरी, बटाटा, शेंगदाण्याची आमटी असा बंदोबस्त करून उपास करतात, आणि चातुर्मास चार महिन्यांचा असतो. हा पक्षी त्याच्यावर महिनाभर जास्त काढतो, तोही निर्जळी. गरुडीण डबा घेऊन कड्यावर येत असेल असं धरलं, तर तिची स्वतःची चाळिशी कधी येते? तिची चोच कुणी तोडायची? दोघं एकाच वर्षी चाळिशीत आले तर पिल्लांकडे कोण बघतं? आणि 150 दिवसांची ही रजा मंजूर कोण करतं? आमच्याकडे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या माणसाला चौथ्या दिवशी फोन येतो, की फाइल कुठल्या कपाटात ठेवली आहे तेवढं सांगा. गरुडाला पाच महिने कुणी फोन करत नाही, यावरून तो बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर असावा. मग पहिल्या रांगेतल्या साहेबांचे डोळे का भरून येतात तेही कळतं.

खरा गरुड यातलं काही करत नाही. त्याची चोच म्हणजे आत हाड आणि वरून केराटिनचं आवरण. आपली नखं ज्याची बनतात तेच केराटिन. ते आवरण जन्मभर वाढत राहतं आणि गरुड ते फांदीवर, दगडावर घासून रोजच्या रोज बेतात ठेवतो. पिसंही तो थोडीथोडी करून बदलतो, कारण एकदम बदलली तर उडणार कसा, हे त्याला कुठल्याही शिबिराला न जाता समजलेलं असतं. आतलं हाड तुटलं तर मात्र ते परत येत नाही. 2005 साली अलास्कात एक गरुड मादी सापडली. गोळी लागून तिची वरची चोच तुटली होती. ती कड्यावर परिवर्तन घडवत बसली नव्हती, कचऱ्याच्या डेपोवर उपाशी फिरत होती. तिला माणसांनी हाताने भरवून जगवलं आणि 2008 मध्ये थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली कृत्रिम चोच बसवली. राहिला 70 वर्षांचा प्रश्न. अमेरिकेतल्या त्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांपैकी, पायात कडं घालून नोंद ठेवलेल्या रानातल्या पक्ष्यांत विक्रमी ठरलेला गरुड 38 वर्षं जगला. 2015 साली तो गाडीखाली सापडून गेला. म्हणजे कड्यावर जायची तारीख यायला अजून दोन वर्षं बाकी होती.

हे सगळं शोधायला मोबाइलवर पाच मिनिटं लागतात. ज्याचा धंदाच 'स्वतःच्या समजुतींना प्रश्न विचारा' हे सांगण्याचा आहे, त्याला इतक्या वर्षांत ती पाच मिनिटं मिळू नयेत? बरं, गरुडामागून स्लाइडवर बेडूक येतो. पाणी हळूहळू तापवलं की तो बाहेर उडी न मारता शिजून मरतो म्हणे. (मारतो उडी. सोसेना झालं की बेडूक बाहेर पडतो.) मग मेंदू येतो, जो आपण फक्त 10 टक्के वापरतो. तेही खोटं, पण ते ऐकून लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मलाही क्षणभर पटतं.

अशा एका शिबिरात स्टोअर्समधल्या एका गृहस्थांनी हात वर केला. 'सर, एक विचारू का? मग त्याने पाच महिने खाल्लं काय?'

वक्त्यांनी पोटात माया असल्यासारखं हसून पाहिलं. 'काका, प्रश्न छान आहे. पण बघा, हा प्रश्न तुमची जुनी चोच विचारतेय.'

सभागृह हसलं. काका खाली बसले. त्यांना वर्षाच्या अखेरीस साठ्याची मोजणी करायची सवय. नगाला नग लागला नाही की रजिस्टर बंद करत नाहीत. सगळ्या सभागृहात समजूत तपासून पाहणारा एवढा एकच माणूस होता आणि बंद मनाचा म्हणून शिक्का बसला तो त्याच्यावरच.

आता जरा स्पष्ट बोलतो. ही गोष्ट कधीही वरच्या मजल्यावर सांगितली जात नाही. ती सांगितली जाते खालच्या मजल्यावर, पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना, आणि ठरावीक मुहूर्तावर. नवं सॉफ्टवेअर येणार असतं, दोन खाती एक होणार असतात, नाशिकच्या माणसाला नागपूरला पाठवायचं असतं, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म छापून झालेले असतात. त्याच्या आठवडाभर आधी गरुड येतो. चोच तोडायची ती वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेल्याने. ज्यांनी हा सगळा घाट घातला त्यांच्या चोची शाबूत, किंबहुना त्या दिवशी दुपारी बुफेच्या टेबलावर चांगल्या कामात असतात. नव्या पद्धतीत चूक आहे असं खालच्याने सांगितलं, की त्याला बदल नको आहे. तीच चूक सहा महिन्यांनी सल्लागार कंपनीने फी घेऊन दाखवली, की तो नवा विचार. 'मन उघडं ठेवा' म्हणजे 'तोंड बंद ठेवा', एवढा सरळ हुकूम काढायची हिंमत नाही म्हणून बिचाऱ्या पक्ष्याला मध्ये घालायचं. आणि वर त्या दिवसाचा पगार 'प्रशिक्षण' या सदराखाली दाखवायचा.

पक्ष्याचीच गोष्ट हवी असेल तर आपल्या देशातली खरी एक आहे. नव्वदच्या दशकात इथली गिधाडं पटापट मरू लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर पंधराएक वर्षांत शंभरातलं एकही उरलं नाही म्हणावं इतकी गेली. अभ्यासकांना आधी साथीच्या रोगाचा संशय होता. त्यांनी विषाणू शोधला, पण हाती काही लागेना. मग आपला संशय बाजूला ठेवून त्यांनी मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, गुरांना कुठली औषधं दिली जातात याची चौकशी केली, आणि 2004 साली डायक्लोफेनॅक हे दोषी म्हणून जाहीर झालं. गुराच्या दुखण्यावर दिलेलं औषध, गूर मेलं की त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होतं. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांच्या नावाखाली त्याच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जातच होत्या, त्या थांबवायला 2015 उजाडलं. गिधाडांना तशीच घातक असलेली केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही औषधं जनावरांसाठी बंद व्हायला 2023 यावं लागलं.

आपली समजूत चुकली हे कळणं, ती सोडणं आणि त्याप्रमाणे कायदा बदलायला लावणं, हे सगळं या गोष्टीत आहे. पण ती कुठल्या शिबिरात सांगत नाहीत. तिच्यात शवविच्छेदन आहे, बासरीला जागा नाही आणि कुणाचे डोळे टिपायची सोय नाही. शिवाय तिच्यात चुकलेले लोक शिकलेसवरलेले होते आणि त्यांनी ते मान्य केलं. असलं उदाहरण पहिल्या रांगेसमोर ठेवणं धोक्याचं.

तेव्हा शिबिरं भरवणाऱ्यांना एक विनंती आहे. गरुड ठेवा, बेडूक ठेवा, मेंदू 10 टक्केच चालू ठेवा. फक्त प्रश्नोत्तरांचा अर्धा तास जेवणाआधी ठेवा आणि तेवढा वेळ पहिल्या रांगेतल्या साहेबांना मागे बसवा. जेवणानंतर ठेवला की वेळेअभावी तो रद्द होतो आणि वक्त्यांना चारची गाडी असते.