दिवेलागणीआधीचं विरजण

गेल्या वैशाखात माझ्या हातून काही अब्ज जीवांची हत्या झाली. मी त्या वेळी लग्नाच्या पंगतीत बसून मठ्ठा पीत होतो.

झालं असं की घसा सुजला आणि डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. सोबत जुलाब लागू नयेत म्हणून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल लिहून दिल्या. पाटणी चौकातून औषधं घेतली, स्कूटरच्या डिकीत टाकली आणि लग्नाला गेलो. वाशीमचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना डिकीचं वेगळं सांगायला नको. आत पापड भाजून निघावा. संध्याकाळी घरी येऊन दोन्ही गोळ्या एकदमच तोंडात टाकल्या आणि वर वाफाळता चहा ओतला. मग सहज पाकीट वाचलं : जिवंत जिवाणू, थंड जागी ठेवा.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जित्ते जीव हायेत म्हंतं त्यात, मंग उन्हात काऊन ठेवले बाप्पा?"

बाईंचा अधिकार मोठा आहे. गेली पन्नास वर्षं ती रोज रात्री विरजण लावते. दूध तापवून खाली उतरवलं की त्यात करंगळी बुडवते आणि मनात दहापर्यंत मोजते. बोट आपोआप बाहेर आलं तर दूध अजून गरम. मग पातेल्याच्या तळाशी चमचाभर दही बोटानं फिरवायचं आणि वरून दुधाची धार सोडायची. झाकण ठेवल्यावर त्या पातेल्याला सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. थंडीत ते जुन्या टॉवेलात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत जातं. लहानपणी मला त्या पातेल्याचा हेवा वाटायचा. इतकं ऊबदार अंथरूण घरात दुसऱ्या कोणाला नव्हतं.

परगावी चार दिवस राहून आलं की विरजण मोडतं. मग वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे जायचं. तेही दिवेलागणीच्या आत. दिवा लागल्यावर दही, मीठ घराबाहेर द्यायचं नाही, हा आमच्या गल्लीचा कायदा. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्यांच्या इथल्या ताम्रपटात गाव दान दिल्याची नोंद आहे, विरजणाची नाही. पण राजवाड्यातल्या कुठल्या तरी दासीनंही संध्याकाळी वाटी घेऊन घाई केली असणार, अशी माझी खात्री आहे.

दह्यातल्या जीवांना जगाच्या दरबारात मान मिळवून दिला तो रशियन साम्राज्यात जन्मलेल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं. १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात, यावर त्यांचा फार जीव. स्वतः नेमानं आंबट दूध घेत आणि ७१ व्या वर्षी गेले. आमच्या गल्लीत ७१ वर्षांचा माणूस अजून सोयाबीनच्या भावावरून भांडत असतो.

पुढच्या खेपेला डॉक्टरांपाशी कबुली दिली. ते आधी हसले, मग समजावलं. अँटिबायोटिक पोटातल्या चांगल्या-वाईट साऱ्याच जिवाणूंना झोडपतं, म्हणून दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवायचं. गरम चहासोबत घ्यायचं नाही. काही जाती बीजाणूच्या रूपात येतात, त्या उष्णतेला दाद देत नाहीत. काही तर यीस्टच्या असतात. अँटिबायोटिक यीस्टला मारत नाही, पण बुरशीवरचं औषध मारतं. म्हणून पाकिटावर जातीचं पूर्ण नाव वाचायचं, कारण एका जातीचा गुण दुसरीला लागू होत नाही. अँटिबायोटिकनं लागणाऱ्या जुलाबांवर काही जातींचा उपयोग दिसलेला आहे. धडधाकट माणसानं त्या रोज गिळाव्यात, याला मात्र भक्कम पुरावा नाही. लेकराला जुलाब लागले तर आधी ओआरएस आणि झिंक, बाकी सगळं नंतर.

"आणि नुकसान?" मी विचारलं. सुरुवातीला पोट गुबारतं, गॅस होतो, तेवढंच बहुतेकांचं. पण केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, अतिदक्षता विभागातले रुग्ण किंवा शिरेत कायमची नळी असलेले यांच्यात हेच जिवाणू रक्तात शिरू शकतात. दिवस न भरता जन्मलेल्या बाळांबाबत तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये इशाराच दिला. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

"म्हणजे आईचं दही बरं," मी वकिली केली. तेही त्यांनी पुरतं मान्य केलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या २००१ च्या व्याख्येत जिवंत जीव, पुरेशी मात्रा आणि आरोग्याला फायदा, हे तिन्ही लागतं. घरच्या दह्यात कोणती जात किती, हे कोणी मोजलेलं नसतं. दूध न पचणाऱ्याला दही सोसतं, कारण त्यातले जिवाणू दुधातली साखर फोडायला मदत करतात. एवढं मात्र पक्कं.

हे सगळं आईला सांगितलं. "मोजलं नसन," ती म्हणाली, "पण मेलं तर नाही ना एकदाही."

नवी स्ट्रिप आता फ्रिजच्या दारात आहे, पाकिटावर तसं लिहिलंय म्हणून. आणि आज विरजण छान लागलंय. कोणाचं मोडलं असेल तर वाटी घेऊन या, फक्त दिवा लागायच्या आत.