साळुंकीच्या तैनातीत

वडाळ्यात भूतदयेला तोटा नाही. कात्रक रस्त्यावरील विठ्ठलमंदिराच्या पायरीपासून पाच उद्यानांतील बाकांपर्यंत कोठेही उभे राहून पक्ष्याचे एखादे पिल्लू तळहातावर धरावे, की पाहता पाहता माणसे भोवती जमतात, प्रत्येकाच्या मुखातून 'अरेरे' असा उद्गार बाहेर पडतो, त्या पिल्लाच्या आहाराविषयी प्रत्येकाचे एक निश्चित आणि शेजाऱ्याच्या मताशी सर्वस्वी विसंगत असे मत असते, आणि थोड्याच वेळात ती सारी सहृदय मंडळी आपापली लोकल गाठण्यासाठी वडाळा रोड स्थानकाकडे चालती होऊन मागे तळहात आणि पिल्लू एवढेच काय ते शिल्लक उरते. साळुंकीच्या पिल्लाला दयेची फारशी गरज नसते. त्याला गरज असते ती सकाळी साडेअकरा वाजता, आणि पुन्हा बारा वाजता, आणि पुन्हा साडेबारा वाजता मोकळ्या असणाऱ्या माणसाची; आणि असा माणूस या शहरात शोधू लागले असता बहुधा नुकताच सेवानिवृत्त झालेला एखादा गृहस्थच हाती लागतो. आमच्या इमारतीत तो मी होतो.

मृगाच्या आधी डागडुजी उरकून घ्यावी या शहाणपणाच्या हेतूने आमच्या इमारतीच्या मागील भिंतीला गिलावा चालू होता, आणि पावसाच्या पाण्याचा नळ जेथे भिंतीत शिरतो त्या भोकात साळुंकीने वाळके गवत, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे कोंबून मांडलेला संसार गवंड्याच्या थापीखाली आला. घरट्याची जागा सिमेंटने बुजली, सबब पिल्लू परत ठेवण्याचा मार्ग उरला नाही. पिल्लाचे रूप वर्णन करण्याजोगे नव्हते. डोके टकले, पोट फुगीर, अंगावर पिसांऐवजी त्यांच्या निळसर नळ्या, आणि या सर्व दैन्याच्या दर्शनी बाजूस, एखाद्या पडक्या वाड्याला नवा दरवाजा बसवावा तशी, कडेने पिवळीधमक असलेली चोच. ती उघडली म्हणजे मागील पिल्लू दिसेनासे होई.

शेजारधर्माला तत्काळ भरती आली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दुधात भिजवलेला पाव आणला, कोणी मऊ वरणभात, कोणी मधाचे बोट. आणि 'आधी पाणी पाजा हो, जीव कासावीस झालाय', यावर तर सर्वांचे एकमत झाले. सुदैवाने वडाळ्याहून परळ दूर नाही, आणि परळास सारी मुंबई जिला बैलघोडा हॉस्पिटल म्हणून ओळखते ती बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाची पशुशाळा आहे. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ट्रामच्या घोड्यांची आणि खटाऱ्याच्या बैलांची शुश्रूषा ज्या जागी झाली, तेथे बुटांच्या खोक्यात मूठभर जीव घेऊन रांगेत उभे राहताना मला किंचित संकोच वाटत होता; परंतु माझ्या पुढे एक आजीबाई कबुतर घेऊन आणि मागे एक तरुण कासव घेऊन उभा असल्याने तो पुष्कळसा निमाला.

तेथील तरुण डॉक्टरांनी आमच्या शेजारधर्माचा निकाल एका दमात लावला. दूध पक्ष्याला पचत नाही, कारण त्याच्या कुळात कोणी दूध प्यालेले नाही. पाव आणि भात पोट भरतात, हाडे भरत नाहीत. आणि पाणी चोचीत मुळीच ओतायचे नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच उघडते, आणि मायेने सोडलेला थेंब सरळ फुप्फुसात जातो. मांजरांसाठी मिळणारे कोरडे खाणे पाण्यात भिजवून मऊ करावे, त्यात उकडलेले अंडे कुस्करावे, जमतील तेवढे किडे द्यावेत, आणि हे सर्व बोथट चिमट्याने घशाच्या आतल्या बाजूस ठेवावे. पिल्लाला लागणारे पाणी त्या भिजल्या घासातूनच मिळते. सपाट खोक्यात पिल्लाचे पाय फाकतात म्हणून वाटीत कागदी रुमाल दाबून घरटे करावे, आणि पिसे येईपर्यंत जवळ ऊब ठेवावी. "किती वेळा भरवायचं?" असे मी विचारले. "उजाडल्यापासून मावळेपर्यंत, दर अर्ध्या तासाने," असे त्यांनी सांगितले, आणि ते पुढच्या कासवाकडे वळले.

या अर्ध्या तासाने आमच्या घराची राज्यघटना बदलली. कबुतराच्या गळ्याशी धान्य साठवायची थैली असते, तशी सोय साळुंकीच्या देहात नाही. आलेला घास खर्ची पडतो आणि पुढचा तगादा सुरू होतो. तळमजल्यावरचे नाना गोदीच्या कचेरीत हयात घालवून निवृत्त झालेले, आणि रुजू करून घेण्यासारखे काही न उरल्यामुळे खंगत चाललेले होते. त्यांनी एक लांबट वही आखून आणली, तीत वेळ, घासांची संख्या, जिन्नस, भरवणाराची सही आणि शेरा असे रकाने पाडले, आणि पिल्लाचा उल्लेख 'सरकार' असा करण्यास प्रारंभ केला. स्वारीचा मुदपाकखाना गॅलरीत, खासगीचा कारभार नानांकडे, आणि झाडलोट व हलके काम माझ्याकडे, अशी वाटणी कोणीही हुकूम न काढता अमलात आली.

शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'शीट केली' एवढेच असे. पण त्या शब्दांमागे सृष्टीची केवढी योजना आहे हे जवळून पाहिल्याखेरीज कळत नाही. घास गिळला, की सरकार वाटीत मागे सरकत, शेपटीच्या जागी असलेले तीन-चार खुंट वर उचलत, अंग थरथरवत आणि एका पातळ पांढऱ्या पिशवीत बांधलेला माल वाटीच्या काठावर अदा करीत. साळुंकीचे आईबाप ही पिशवी चोचीत धरून दूर नेऊन टाकतात व घरटे स्वच्छ राखतात. ती चिमट्याने उचलावी लागते, आणि घाई केली तर फुटते. ज्या महानगरात ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करण्यासाठी फलक लावावे लागतात, तेथे हे टकले पिल्लू स्वतःचा मैला पाकीटबंद करून हवाली करते, याविषयी नानांनी शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी अधिक लिहिल्या होत्या.

किड्यांचा पुरवठा हे स्वतंत्र खाते होते. पाच उद्यानांच्या हिरवळीत पावसाची पहिली सर पडून गेली, की नाकतोडे मुबलक होतात. मात्र हाती बरणी घेऊन, गुडघे वाकवून, गवतात टक लावून चालणाऱ्या वृद्ध गृहस्थाकडे लोक चांगल्या दृष्टीने पाहत नाहीत. पहारेकऱ्याने प्रथम "काय हरवलं, काका?" असे आस्थेने विचारले, नाकतोडे पकडतो आहे हे ऐकल्यावर तो काही न बोलता थोड्या अंतरावरून माझ्यामागे फिरू लागला. अखेर इमारतीतील मुलांना नगामागे रुपया या दराने मक्ता देण्यात आला. मोठ्या नाकतोड्याचा आणि लहानाचा दर एकच कसा, यावरून मक्तेदारांत तंटा झाला, आणि नानांना वर्गवारी करावी लागली.

साळुंकीची ही भूक जगाने पूर्वीच हेरलेली आहे. टोळांनी उसाचा फडशा पाडला म्हणून अठराव्या शतकात मॉरिशस बेटावर हिंदुस्थानातून साळुंक्या नेण्यात आल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातही त्यांना याच कामावर बोलावणे गेले. बोलावलेल्या पाहुणीने टोळ खाल्ले की नाही हा वाद बाजूस ठेवला, तरी ती परत गेली नाही हे निर्विवाद आहे, आणि परमुलखात मुक्काम ठोकून उच्छाद मांडणाऱ्या शंभर कुप्रसिद्ध जीवजातींच्या जागतिक यादीत आज तिचे नाव आहे. कॅनबेऱ्यात तिच्यासाठी सापळे लावतात. वडाळ्यात तिच्यासाठी रुपयाला एक नाकतोडा विकत घेतात. स्थानमाहात्म्य म्हणतात ते हेच असावे.

मात्र खरा पेच आषाढी एकादशीस पडला. वडाळ्याचे विठ्ठलमंदिर प्रतिपंढरपूर म्हणून ख्यात, त्या दिवशी दर्शनाची रांग पहाटेपासून लागलेली, दिंड्यांचा टाळमृदंग आमच्या खिडकीपर्यंत पोहोचत असलेला. आमच्या घरी अंड्याला मुळात मज्जाव. सरकारांसाठी म्हणून ते गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजे. परंतु एकादशीच्या दिवशी, घरात साबुदाणा आणि वरीचे तांदूळ शिजत असता, गॅलरीत जीवहत्या चालावी की काय, हा प्रश्न उपस्थित झाला. नानांनी पिल्लाला भिजवलेला राजगिरा देऊन पाहावा अशी सूचना केली. सरकारांनी तो घास चोचीत घेतला, मान झटकली, आणि राजगिरा नानांच्या चष्म्यावर आला. आमच्या सौभाग्यवती त्या वेळी नैवेद्याचे ताट झाकून उठत होत्या. त्यांनी पदर खोचला, बरणीतला चांगला बोटभर नाकतोडा चिमट्यात धरला आणि पिल्लाच्या घशात ठेवला. चोच मिटली तरी नाकतोड्याचा एक पाय बाहेरच राहिला होता. तो हलला, आत ओढला गेला, आणि सरकारांनी डोळे मिटले. "पाखराला कसली आलीय एकादशी?" त्या म्हणाल्या. "आणि विठोबाची काही हरकत असेल, तर मी जातेच आहे रांगेत, विचारून येते." चार तासांनी त्या परत आल्या तेव्हा हा विषय निघाला नाही.

साळुंकीला, म्हणजे संस्कृतातल्या सारिकेला, बोलायला शिकवणे ही वात्स्यायनाने गणलेल्या चौसष्ट कलांपैकी एक असली, तरी तिने न शिकवलेले बोलणे हीच संस्कृत साहित्यातली मोठी आपत्ती आहे. हर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेत पिंजऱ्यातून सुटलेली सारिका नायिकेचे सखीजवळचे गुपित राजाला ऐकू जाईल असे बोलून दाखवते, आणि कथानक मार्गी लागते. पश्चिमेकडील तिच्या भाऊबंदाचा लौकिक संगीतात आहे. व्हिएन्नात मोझार्टने १७८४ च्या मे महिन्यात एक स्टार्लिंग विकत घेतला आणि खर्चाच्या वहीत ३४ क्रॉयट्झर या किमतीपुढे त्या पक्ष्याने घातलेली शीळ स्वरलिपीत टिपून ठेवली. ती त्याच्या स्वतःच्याच एका रचनेतली होती, एक स्वर तेवढा चढा लागला होता. १७८७ साली तो पक्षी मेला, तेव्हा मोझार्टने कविता रचून त्याला समारंभपूर्वक मूठमाती दिली. आठवड्यापूर्वीच साल्झबुर्गला त्याचे वडील वारले होते, त्यांच्या अंत्यविधीस मात्र तो गेला नव्हता. हे मी नानांना सांगितले, तेव्हा त्यांना त्यातल्या वहीची नोंद तेवढी पसंत पडली.

आमच्या सरकारांनी शिकण्यासाठी निवडला तो एकच शब्द. दुपारी मी आडवा झालो, की स्वयंपाकघरातून "अहो!" अशी हाक येई; मी उठून जाई; तेथे कोणी नसे, आणि गॅलरीतल्या दोरीवर बसून, आता डोळ्यांभोवती पिवळी पट्टी आणि अंगावर तपकिरी झगा आलेले सरकार माझ्याकडे एका बाजूने पाहत असत. आवाज, त्यातली तक्रार, शेवटचा हेल, सारे हुबेहूब. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की आपण इतक्या वेळा हाक मारीतच नाही. वही काढून पाहण्याची तयारी नानांनी दाखवली. मी ती टाळली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये साळुंकी घरी पाळता येत नाही, आणि आमच्याकडे होता तो ताबा नसून केवळ सुपूर्दनामा आहे, हे नाना सर्वांना बजावीत. म्हणून पंख भरल्यावर भरवणे कमी करीत नेले, ताटलीत जिवंत किडे सोडून टिपायला शिकवले, आणि एके दिवशी गॅलरीचे दार उघडे ठेवले. सरकार गेले, संध्याकाळी तगाद्याला आले, पुन्हा गेले, आणि श्रावण संपेपर्यंत त्यांच्या फेऱ्या विरळ होऊन थांबल्या. पाच उद्यानांतल्या एका मोठ्या वर्षावृक्षावर तिन्हीसांजेला साळुंक्यांचा थवा मुक्कामाला येतो आणि अंधार पडेपर्यंत भांडतो. त्या गदारोळातून दिवाळीच्या सुमारास एकदा स्पष्ट "अहो!" ऐकू आले, आणि झाडाखालच्या बाकांवर बसलेले चार-पाच निवृत्त गृहस्थ एकदम उठून उभे राहिले.

आता वाचकांस एक विनंती. पावसाळ्याच्या तोंडाशी झाडाखाली पिसे फुटलेले, तुरुतुरु उड्या मारणारे, पण उडता न येणारे साळुंकीचे पिल्लू दिसले, तर ते अनाथ नाही. त्याचे आईबाप वरच्या फांदीवर तोंडात किडा धरून तुम्ही जाण्याची वाट पाहत आहेत. कुत्र्यामांजरांचे भय असेल तर त्याला जवळच्या झुडपावर ठेवावे. बिनपिसांचे असेल आणि घरटे शाबूत असेल, तर उचलून घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, हे खोटे आहे. घरटेच उरले नसेल तर मात्र परळला जावे, आणि जाण्यापूर्वी साडेअकरा वाजता घरी कोण असते याची चौकशी करावी.