लिंबू शेवटी पिळावं

आमच्या हिचे थोरले भाऊ, म्हणजे आम्हा सगळ्यांचे दादा, बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी अग्नीशी असहकार पुकारला. चहाला तेवढी सूट. ती का, हे विचारायची सोय नाही. बाकी सगळं कच्चं. "शिजवलं की जीवनसत्त्वं मरतात" हे वाक्य ते अशा आवाजात म्हणतात, की कढईजवळ उभ्या असलेल्या माणसाने हात वर करावेत.

दादा साफ चुकीचे असते तर सोपं होतं. पंचाईत ही, की ते थोडे बरोबर आहेत. 'क' जीवनसत्त्व म्हणजे खरोखरच मानी जावई. जरा उष्णता लागली, रुसला. भाजी चिरून उघडी ठेवली, हवा लागली, रुसला. भरपूर पाण्यात उकळली, तर त्या पाण्यातच उतरून बसला. आणि ते पाणी तुम्ही मोरीत ओतलंत की गेलाच. आई तर पालकाचा रंग टिकावा म्हणून उकळताना चिमूटभर सोडा टाकते. रंग टिकतो. पण सोड्याने 'क' आणि 'ब-१' अशा दोघांचाही नाश आणखी लवकर होतो.

"मग मी काय म्हणत होतो?" दादा विजयी मुद्रेने काकडी चावत म्हणाले.

गाजर मात्र दादांच्या पक्षात नाही. त्यातलं बीटा कॅरोटीन, ज्याचं आपलं शरीर 'अ' जीवनसत्त्व करतं, ते पेशींच्या टणक भिंतींआड दडलेलं असतं. कच्चं गाजर कितीही इमानाने चावलं, तरी त्यातलं बरंचसं आलं तसं निघून जातं. शिजवलं की भिंती मऊ पडतात, आणि सोबत तेल-तूप असलं तर शरीराला ते शोषून घेता येतं. टोमॅटोचा लाल रंग देणारं लायकोपीनही याच स्वभावाचं: तेलात परतलेल्या टोमॅटोतून ते जास्त मिळतं. आई गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी घालते ती चवीसाठी, पण त्या तेलाचा हा उपयोग ऐकल्यावर तिने दादांकडे असं पाहिलं, जणू संशोधन तिनेच केलं होतं. दादांनी तडजोड म्हणून गाजरावर चमचाभर कच्चं तेल ओतून घेतलं. खाताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

पुढच्या रविवारी त्यांनी राजम्याला मोड आणून तो कच्चा खायचा बेत जाहीर केला. मी घाईने सांगितलं, की कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. थोडे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या सुरू होतात. भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात चांगला खळखळून उकळला की ते निकामी होतं. नुसतं कोमट आचेवर ठेवून भागत नाही.

"निसर्ग आपल्याला विष कशाला देईल?" दादा.

आई काही बोलली नाही. परसात गेली आणि अळूचं एक पान आणून तिने दादांपुढे धरलं. "घ्या दादा. कच्चंच आहे."

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे दादांना ठाऊक नसेल. पण घशाला खाज सुटते हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. दादांनी पान नीट घडी घालून परत केलं.

तांदळाच्या बाबतीत मात्र आमच्याच घरात दोन पक्ष आहेत. ही पुण्याची; भात मोगऱ्यासारखा पांढरा हवा आणि तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा. आई मालवणची, तिच्यासाठी तांदूळ म्हणजे उकडा, आणि त्याची पेज. या भांडणाचा निकाल लावायला मला जावा बेटावरच्या कोंबड्या बोलवाव्या लागल्या.

1890च्या सुमाराला ख्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर तिथे बेरीबेरी या रोगाचा छडा लावत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायला लागले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. मग तिथला आचारी बदलला. नव्याने सांगितलं, लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा हलक्या, असडीक तांदळावर आल्या आणि चालायला लागल्या. गिरणीत कोंड्याबरोबर जे जात होतं त्यातलं मुख्य म्हणजे 'ब-१'. आइकमनना आधी वाटलं होतं, की भातात विष आहे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. खरं कारण उणिवेचं आहे हे त्यांच्यामागून आलेल्या ग्रेन्सनी 1901मध्ये मांडलं. तरी 1929चं नोबेल आइकमनना मिळालं, हॉपकिन्स यांच्यासोबत विभागून.

"आणि त्या आचाऱ्याला?" आईने विचारलं.

आचाऱ्याला काही नाही. आईने मान हलवली. स्वयंपाकघरात राबणाऱ्याला श्रेय मिळत नाही, हा शोध तिने आइकमनच्या पुष्कळ आधी लावलेला होता.

उकड्याचं गणित असं: भात सालासकट भिजवून उकडला, की कोंड्यातलं 'ब-१' दाण्याच्या आत मुरतं आणि मग दाणा गिरणीत सडला तरी ते बरंचसं टिकतं. क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात 1905च्या सुमाराला फ्लेचर नावाच्या डॉक्टरांनी काही रुग्णांना पांढरा आणि काहींना उकडा तांदूळ दिला. बेरीबेरीने पांढऱ्यावाल्यांनाच गाठलं. पेजेत तर पाण्यात उतरलेलंही पोटात जातं. हे ऐकून आईने सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. मालवणने पुण्यावर मिळवलेला एवढा शांत विजय मी पाहिलेला नाही.

हिने परतफेड फोडणीच्या भाताने केली. भात शिजून थंड झाला, की त्यातला काही स्टार्च पुन्हा आवळून बसतो, सहजी पचत नाही, आणि आतड्यातल्या जिवाणूंना चारा म्हणून उपयोगी पडतो; परत गरम केला तरी तो बराचसा तसाच राहतो. फक्त भात रात्रभर ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवायचा. तेव्हापासून आमच्याकडे शिळा भात उरत नाही, मुद्दाम केला जातो.

तह अखेर मुगाच्या उसळीवर झाला. मोड आले की लोह-जस्त अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं आणि वर 'क' तयार होतं: दादा खूश. उसळ झाकण ठेवून, बेताच्या पाण्यात शिजवायची: आई खूश. शिजताना 'क' थोडं जाणारच. म्हणून गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळायचं. त्याने गेलेला जावई परत येतो आणि येताना मुगातलं लोह अंगी लागायला मदतही करतो.

दादांना हे इतकं पटलं, की कच्च्याचा आग्रह सोडून ते आता लिंबाचे झाले आहेत. एक खिशातच असतं. वरणावर, पोह्यांवर, दुसऱ्यांच्या ताटातल्या भाजीवर, न विचारता. परवा एका लग्नात तो हात बासुंदीच्या वाटीकडे वळला होता. वहिनींनी तो वेळेवर धरला.