नाना गाडी बघतात

बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याच्या आसपास नवी गाडी उभी असेल आणि तिच्यावरचा झेंडूचा हार अजून सुकला नसेल, तर तिच्या मागच्या बंपरशी वाकलेला एक माणूस हमखास दिसतो. तो चोर नसतो, आरटीओचाही नसतो. ते आमचे नाना असतात आणि त्यांच्या हातात टेप असतो.

"धर," म्हणून टेपाचं दुसरं टोक ते गाडीच्या मालकाच्याच हातात देतात. मालक बिचारा पेढ्यांचा पुडा बगलेत मारून पुढच्या बंपरपाशी उकिडवा बसतो. नाना चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात. "तीन हजार नऊशे पंच्याण्णव मिलिमीटर. ठीक है." मालकाला वाटतं, आपली गाडी पास झाली. नानांनी मात्र फक्त कंपनीने छापलेलं माप भरतं की नाही एवढंच पाहिलेलं असतं. उभा जन्म पॉवरलूमच्या कापडात गेला. थानात दोन बोटं कमी भरली म्हणून सगळी गाडी परत पाठवलेला हा माणूस कंपनीच्या पुस्तिकेवर काय म्हणून विश्वास ठेवील?

नानांकडे गाडी नाही. एक जुनी चेतक स्कूटर आहे, ती सकाळी एका अंगावर कलती केल्याशिवाय सुरू होत नाही. पण छोट्या एसयूव्हीबद्दल गावात कोणालाही काहीही विचारायचं असेल तर तो नानांकडे जातो. गाडी घेतलेल्याकडे कोणी जात नाही, कारण घेतलेला माणूस आपल्याच गाडीची तारीफ करणार. नाना निःपक्षपाती. त्यांचा पैसा कुठेच अडकलेला नाही.

नानांचं पहिलं सूत्र असं, की ही गाडी इंजिनिअरने बनवलेलीच नाही, अर्थमंत्र्याने बनवलेली आहे. आणि यात त्यांची चूक काढता येत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि छोटी म्हणजे किती, याची व्याख्याही बांधून दिली. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० पर्यंत. झालं, कंपन्यांनी कात्री काढली. आधी सेडानच्या डिक्क्या छाटल्या, मग जीपसारख्या दिसणाऱ्या गाड्या चार मीटरच्या आत कोंबायला लागल्या. पुढे जीएसटी आला, सेस आला, सेस गेला, पण रेघ तिथेच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्याला १८ टक्के आणि बाहेरच्याला ४०.

"कापडात पाच मिलिमीटर म्हणजे धुतल्यावर आटणारा माल," नाना म्हणतात. "इथे त्या पाच मिलिमीटरवर लाखाची गोष्ट आहे, भाऊ!"

मग ते ब्रेझाकडे वळतात. ती लांबीला ३९९५, म्हणजे रेघेच्या आत. पण २०२२ च्या नव्या ब्रेझाला पेट्रोल इंजिन दिलं १४६२ सीसीचं, म्हणून कर मोठ्या गाडीचा. यावर नाना बराच वेळ गप्प बसतात. अंगाने लहान राहून मोठ्याचा कर भरणाऱ्या गाडीबद्दल त्यांना आदर वाटतो की कीव येते, हे मला अजून कळलेलं नाही.

नानांच्या वहीत दोन रकाने आहेत, गुण आणि अवगुण. वही जुनी, हिशेबाची, लाल बांधणीची. तिची गंमत अशी, की दोन्ही रकान्यांत एकच मजकूर असतो. 'उंच आहे' हा गुण, कारण पावसाळ्यात आमच्या गल्लीतली गटारं रस्त्यावर येतात आणि दोनशे मिलिमीटरच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स असला की पोट घासत नाही. 'उंच आहे' हा अवगुणही, कारण नानांच्या मातोश्री नऊवारीत आहेत आणि वयाच्या नव्वदीत पाय तेवढा उचलत नाही. 'पाच माणसं बसतात' हा गुण. 'पाचवा कोण?' हा प्रश्न अवगुणांत. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायात बोगद्याचा उंचवटा, पाठीला आर्मरेस्टची पाठ आणि दोन्ही खांद्यांना नातेवाईक. नानांच्या मते ती जागा जावयाला देता येत नाही आणि सुनेला दिली तर घरात बोलणं होतं.

सनरूफ हा विषय निघाला की आसपास बसलेले सगळे खुर्च्या जवळ ओढतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर डोक्याला उपरणं लागतं. अशा गावात लोक छताला भोक पाडून घ्यायला वर पैसे देतात, हे नानांना अनेक वर्षं पचलं नव्हतं. शेवटी त्यांना त्याचा उपयोग सापडला. पुतण्याच्या वरातीत नवरदेवाचा धाकटा भाऊ सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर येऊन इतवाऱ्यापासून राजपुऱ्यापर्यंत नाचला. नानांनी घरी येऊन वही उघडली आणि गुणांच्या रकान्यात लिहिलं, 'लग्न असल्यास'.

डिक्कीचं प्रकरण अजून शोरूममध्ये सांगतात. एकीची ३२८ लिटर, दुसरीची ३५०, तिसरीची ३८२, असं नाना घरी वाचून दाखवत होते. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "डिक्की लिटरमध्ये मोजतात होय? मग दूध आणायला न्या." हा टोमणा नानांच्या जिव्हारी लागला, कारण मापाचा माणूस मापातच सापडला होता. दुसऱ्या दिवशी ते शोरूमात केळीचा घड घेऊन हजर. आमचा जिल्हा केळीचा, डिक्कीत काय मावतं हे आम्हाला घडातच कळणार. एक घड आडवा गेला, दुसरा उभा जाईना. सेल्सचा पोरगा हात जोडून उभा, कारण केळीचा चीक गाडीच्या नव्या कार्पेटला लागला तर त्याची नोकरी जाणार. नानांनी त्याच गाडीचं सीएनजी मॉडेल उघडायला लावलं. सीएनजीने खर्च निम्म्यावर येतो असं तो पोरगा सांगत होता. डिक्की उघडली तर आत टाकी. "खर्च निम्मा, डिक्की चौथाई," नाना म्हणाले आणि घड खांद्यावर घेऊन निघाले. वाटेत मला दोन केळी दिली, कच्ची.

टेस्ट ड्राइव्हला नाना जातात ते काकू, मातोश्री आणि पाण्याचा मयूर जग घेऊन. शोरूमवाल्यांचा ठरलेला फेरा असतो, लालबाग स्टेशनच्या बाजूला जाऊन परत. नानांना तो मान्य नाही. त्यांना असीरगडचा घाट पाहिजे. "सपाटीवर म्हैसदेखील पिकअप देते," त्यांचं म्हणणं. मुद्दा बिनतोड आहे. इथून इंदूरला जायचं म्हणजे आधी असीरगड, मग मोरटक्क्याला नर्मदा, मग सिमरोलचा घाट. साधारण १८० किलोमीटर, आणि चौपदरीच्या कामात कुठे वळण निघेल याचा नेम नाही. पाच माणसं आणि एसी चालू असताना एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन ट्रकच्या मागून सुटतं का, हे लालबागेच्या रस्त्यावर कळत नाही. "चौथं सिलिंडर कुठे गेलं?" हा प्रश्न त्यांनी ज्या ज्या सेल्समनला विचारला, तो तो दुसऱ्या कंपनीत गेला.

असीरगडाचं नाव निघालं म्हणून सांगतो. दख्खनचा दरवाजा म्हणून नावाजलेला तो किल्ला अकबराने १६०१ च्या जानेवारीत घेतला आणि वेढ्याला वर्षसुद्धा लागलं नव्हतं. नानांचा वेढा २०१३ पासून चालू आहे. फोर्डची इकोस्पोर्ट आली तेव्हा ते पहिल्यांदा शोरूमची पायरी चढले. बुकिंगला गर्दी, महिनोन् महिने थांबायला सांगत होते. नाना म्हणाले, थांबायचंच आहे तर फुकट थांबू.

त्यानंतर जे घडलं त्याने नानांचा स्वभाव कायमचा बिघडला. कारण प्रत्येक वेळी न घेणंच बरोबर ठरत गेलं. २०१६ मध्ये ब्रेझा आली, डिझेलची, मायलेजवाली. नानांचं जवळजवळ ठरलं होतं. पण पुढच्या वर्षी नेक्सॉन येतेय म्हणून ते थांबले. नेक्सॉन आली, तर तिला अपघाताच्या चाचणीचे किती तारे मिळतात ते पाहू म्हणाले. डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच. आता घेतील असं सगळ्यांना वाटलं. नाना म्हणाले, एकीला पाच मिळाले, म्हणजे आता बाकीच्यांनाही आणावे लागतील, बघू. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि ब्रेझाचं डिझेल बंद झालं. नानांनी गल्लीभर सांगितलं, "घेतली असती तर?" वास्तविक ज्यांनी घेतली होती त्यांची अजून मजेत चालत होती. २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तर इकोस्पोर्ट न घेतल्याबद्दल नानांनी मित्रमंडळींना मावा जिलबी खिलवली. स्वतःच्या खर्चाने. गाडी घेतलेल्या माणसाने एवढी जिलबी वाटलेली मी पाहिलेली नाही.

आणि मग आला २०२५ चा सप्टेंबर. कर खाली येणार हे आधीच जाहीर झालेलं, पितृपक्ष चालू, शोरूममध्ये माश्या मारणं चाललेलं. नवे दर लागू झाले ते नेमके घटस्थापनेला. सकाळी नाना अंघोळ करून, नवी टोपी घालून निघाले. काकूंनी मनातल्या मनात इच्छादेवीला नवस बोलला. नाना संध्याकाळी परत आले ते कोटेशनांचा गठ्ठा घेऊन. बारा वर्षं थांबलो म्हणून एवढे वाचले, असा हिशेब त्यांनी वहीत मांडला. आणि खाली ओळ लिहिली, 'सरकारला आता उतरवायची सवय लागली आहे'.

नवरात्राचा विषय निघाला म्हणून आठवलं. इच्छापूरला देवीची जत्रा भरते तेव्हा महाराष्ट्रातून गाड्यांची रीघ लागते. लोक टेकडी चढतात, नाना खाली पार्किंगात असतात. दर्गाह-ए-हकीमीला मुंबई-गुजरातेतून बोहरा मंडळी येतात, तिथेही यांची फेरी असते. ड्रायव्हर चहा पीत उभा दिसला की, "भाईसाब, सच बोलना, कितना देती है?" ड्रायव्हर मालक जवळ नाही हे बघून खरं सांगतो. कंपनी सांगते ते मायलेज, मालक सांगतो ते आणि ड्रायव्हर सांगतो ते, असे तीन आकडे नाना वहीत टिपतात आणि शेवटचा गोल करतात. माझ्या मते सगळ्या वहीत खरी कामाची तेवढीच पानं आहेत. लोहारमंडीच्या गल्लीतून, आरसे न मिटता, कुठली गाडी जाते याचीही त्यांनी यादी केली होती. गाड्या सगळ्याच १.८ मीटरच्या आसपास रुंद, त्यामुळे शेवटी फरक गाडीत निघाला नाही, समोरून येणाऱ्या हातगाडीवाल्याच्या स्वभावात निघाला.

माझी गाडीही नानांच्या सल्ल्याने घेतली, असं लोक म्हणतात. खरं काय झालं ते सांगतो. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझ्या मनात दोन गाड्या होत्या. पहिल्या बैठकीत त्या सहा झाल्या. दुसऱ्या बैठकीत प्रत्येकीचं मधलं मॉडेल आणि वरचं मॉडेल वेगळं झालं. पेट्रोल, सीएनजी, ऑटोमॅटिक, बॅटरीवाली. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर नानांनी जे सांगितलं त्यानंतर दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या बैठकीला जायच्या सकाळी मी शोरूमात घुसलो, समोर जी उभी होती तिच्याकडे बोट दाखवलं आणि चेक फाडला. रंगसुद्धा बघितला नाही. मातकट निघाला.

ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही हे मला नंतर कळलं. शोरूमचे लोक पूर्वी नानांना बघून मागच्या दाराने जेवायला जात. आता त्यांच्यासाठी खुर्ची राखीव आहे, पंख्याखाली. सहा-सहा महिने 'बघतो, विचार करतो' म्हणणारं गिऱ्हाईक असलं की मॅनेजर त्याला अदबीने नानांसमोर बसवतो, दोन चहा सांगतो आणि निघून जातो. तास-दीड तासात गिऱ्हाईक घामाघूम होऊन काउंटरवर येतं आणि विचारतं, टोकन किती द्यायचं. नानांना वाटतं आपण त्याचे डोळे उघडले. मॅनेजरला वाटतं ते तो बोलत नाही, फक्त प्रत्येक डिलिव्हरीला नारळ नानांच्या हातून फोडून घेतो. मग नाना पुढच्या सीटवर बसतात, पहिली चक्कर मारतात आणि उतरताना मालकाच्या कानात एक अवगुण सांगतात.

परवा दिवाळीच्या आधी तिथेच होतो. मॅनेजरने सहज विचारलं, "नाना, इतक्यांना मिळवून दिल्या, आता तुमची कधी?"

नानांनी टेप गुंडाळला. "आत्ता घेतली तर दोन महिन्यांत गाडी गेल्या वर्षीची होते. जानेवारीत घ्यावी, तर मार्चअखेरीला सूट देतात. मार्चला घ्यावी, तर नवं मॉडेल तोंडावर." एवढ्यात दारातून एक जोडपं आत आलं, हातात चार कंपन्यांची पत्रकं. मॅनेजरने चहावाल्याला खूण केली. नाना खुर्चीत नीट बसले, चष्मा पुसला आणि त्या मुलाला म्हणाले, "बस बेटा. आधी सांग, घरात नऊवारी कोणी नेसतं का?"