चकतीवरची सनद

वसंत कानेटकरांसारख्या नाटककाराचा ज्या गावी जन्म झाला, त्या आमच्या रहिमतपुरात प्रेक्षकांची वानवा असण्याचे कारण नाही. तथापि सांप्रत गावात सर्वांत बिनखर्ची आणि भरगच्च प्रयोग कोठे होतो असे कोणी विचारल्यास मी त्याला एखाद्या रंगमंदिराकडे न नेता गावाबाहेरील फॅब्रिकेशनच्या पत्र्याच्या शेडकडे नेईन. तेथे मिस्त्री लोखंडी पट्टीवर ग्राइंडर टेकवितो, कानठळ्या बसविणारा स्वर उठतो, ठिणग्यांचा पिसारा थेट रस्त्यापर्यंत फुलतो, आणि दळण घेऊन निघालेला इसम, शाळेतून परतणारी पोरे, एस.टी. चुकलेले पाहुणे असे सर्व जण आपापली कामे तहकूब करून उभे राहतात. नाटकाला पहिल्या रांगेचे तिकीट महाग असते; येथे पहिली रांग फुकट असून तिचे मोल नंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे अदा करावे लागते.

हे यंत्र फारसे जुने नव्हे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली नांगरांचा कारखाना उभारला, त्या काळी धार लावण्याचे चाक एका जागी बोल्टांनी जखडलेले असे आणि लोखंड घेऊन मनुष्याने त्याच्या दारी हजर व्हावे असा रिवाज होता. पुढे १९५४ साली जर्मनीतील स्टाइनहाइमच्या फ्लेक्स कंपनीने जलदगती अँगल ग्राइंडर काढला; मोटारीचा आस आणि चाकाचा आस काटकोनात भिडविणारे दातेरी गिअर त्यात बसविले, आणि जन्मठेपेचा हा कैदी बेड्यांतून सुटून मनुष्याच्या हाती आला. सुटलेल्या कैद्यामागे निदान एक शिपाई असावा एवढा पोक्त विचार मात्र हे यंत्र बनविणारांनी केलेला असतो, आणि म्हणून चकतीच्या निम्म्या घेरावर पोलादी गार्ड बसवूनच ते कारखान्याबाहेर पडते. आमच्याकडे यंत्र खोक्यातून निघाले, की त्याच मुहूर्तावर या शिपायाची बडतर्फी होते.

“गार्ड लावला की दिसत न्हाई, भाऊसाहेब,” मिस्त्रीने मला सांगितले, आणि थोड्या वेळाने, साक्षीदार उलटतपासणीत खरे बोलून जातो त्या सहजतेने, “आन् मोठी चकती बसत न्हाई.”

ज्याची उमेद आणि दृष्टी दोन्ही मामलेदार कचेरीच्या दप्तरात खर्ची पडली, त्याला छापील मजकूर दिसला की अखेरच्या ओळीपर्यंत वाचल्याखेरीज राहवत नाही. म्हणून माझ्या परसदाराच्या गेटच्या पट्ट्या कापून होईतो मी एक कोरी चकती उचलली आणि चष्मा सारखा करून वाचनास आरंभ केला. इतका सुबोध दस्तऐवज उभ्या नोकरीत माझ्या टेबलावर आला नव्हता. व्यास १०० मिलिमीटर, मधले छिद्र १६ मिलिमीटर. कमाल वेग मिनिटास १५,३०० फेरे, म्हणजे कडेला सेकंदास ८० मीटर. डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे आणि कानांवर आवरण घ्यावे हे निरक्षरासही उमजावे म्हणून चित्ररूपाने. आणि मधल्या धातूच्या कड्यावर मुदत संपण्याचे साल. ‘परंतु’ या शब्दाने सुरू होणारे एकही पोटकलम नाही! मुदतीचे कारणही रास्त आहे, कारण चकती म्हणजे कठीण खड्यांची राळेत थापलेली आणि काचतंतूंच्या जाळीने आवळलेली भाकरी. वय झाले किंवा ओल लागली की ती आतून दुबळी होते आणि वरून तशीच दिसते. मिस्त्रीने चकत्यांचा साठा नेमका पाण्याच्या माठाखाली ठेवला होता. थंड राहतात म्हणून.

मग मी हिशेब मांडला. चार इंची यंत्र रिकामे फिरताना मिनिटास ११,००० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावते. आमच्या पुणे-मिरज लोहमार्गावरील कोणत्याही गाडीने या वेगाचे नाव काढलेले नाही. सात इंची चकतीला मात्र मिनिटास साधारण ८,५०० फेऱ्यांचीच परवानगी असते; गार्ड काढून, तिच्या २२ मिलिमीटरच्या छिद्रात वायसर कोंबून ती या धाकट्या यंत्रावर चढविली, की तिची कड सेकंदास शंभर मीटर ओलांडते आणि राळेने दिलेला जामीन तेथेच रद्द होतो. फुटलेल्या चकतीचे तुकडे कोणाचाही मुलाहिजा ठेवीत नाहीत. हा हिशेब मी एका पाकिटाच्या पाठीवर लिहून मिस्त्रीपुढे ठेवला. त्याने तो लक्षपूर्वक पाहिला आणि म्हणाला, “बराबर हाय. पर आजपातूर काय झालं न्हाई.” या वाक्यापुढे गणितशास्त्राचे काही चालत नाही, कित्येक पूल याच वाक्यावर उभे आहेत.

कापण्याची चकती आणि घासण्याची चकती यांचे हुद्दे भिन्न आहेत. कापण्याची चकती जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची, सरळ खाली उतरावे एवढेच तिचे अधिकारक्षेत्र. तिला आडवी धरून वेल्डिंगचे उंचवटे घासून घेणे हा तिच्यावर जुलूम असून तो ती फार काळ सोसत नाही. परंतु खरी गफलत होते ती पट्टीच्या अखेरच्या बोटभर कापात. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली विटा ठेवल्या की तुटत आलेला मधला भाग वजनाने खाली बसतो, काप मिटतो, चकती चिमटली जाते, आणि जे बळ लोखंडावर चालावयाचे ते उलटून यंत्रच धन्याच्या अंगावर झेपावते. म्हणून तुटावयाचे टोक मोकळे सोडावे, म्हणजे काप आपसूक उघडत जातो. यंत्र दोन्ही हातांनी धरावे, आणि आपण चकतीच्या रेषेत उभे न राहता बगलेस राहावे. दुसऱ्या हातासाठी यंत्राला बाजूची मूठ दिलेली असते. ती कोठे गेली अशी मी चौकशी केली, तेव्हा मिस्त्रीच्या पुतण्याने शेडच्या दाराकडे बोट दाखविले. दार उत्तम उघडत होते.

रहिमतपुरात रणदुल्लाखानाची म्हणून दाखविली जाणारी आदिलशाही कबर आहे. विजापूरच्या दरबारचा तो नामांकित सरदार शिरस्त्राण-चिलखताखेरीज मोहिमेवर निघाला असेल असे मला वाटत नाही. मिस्त्रीकडेही चष्मा होता, परंतु तो कपाळावर होता, आणि भगवान शंकराखेरीज त्या ठिकाणी कोणास डोळा असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तापलेला लोहकण बुबुळात रुतला, की त्याभोवती दिवसा-दोन दिवसांत गंजाचे कडे धरते. पण तोवर शेजारणीच्या पदराचे टोक, आगकाडी आणि एखाद्या जाणत्याची फुंकर या खात्यांतून ते प्रकरण फिरून आलेले असते, व नेत्रवैद्याकडे कागद पोहोचतात ते सर्वांचे शेरे बसल्यावर. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ३५ व्या कलमात कामगारांच्या डोळ्यांचा बंदोबस्त फर्माविला खरा. पण विजेवर काम चालत असेल तर निदान दहा कामगार असल्याखेरीज त्या जागेस कारखाना म्हणत नसत, आणि शेडमध्ये होते मिस्त्री, पुतण्या व एक कुत्रे. प्रेक्षक धरले असते तर संख्या सहज भरली असती.

गळ्यात लोंबणारा टॉवेल, सैल बाही, ठिणगीने वितळून कातडीस चिकटणारा टेरिकॉटचा सदरा यांविषयी मी बोलणार होतो, इतक्यात वीज गेली. ग्राइंडरचा खटका पुढे सारून अडकविता येतो, म्हणजे बोटाला विश्रांती मिळते. तो तसाच अडकलेला ठेवून मिस्त्रीने यंत्र टेबलावर आडवे केले आणि चहा मागविला. पिन काढावी, असे मी सुचविले. “लाईट काय लगीच येतीया व्हय, भाऊसाहेब!” परंतु आमच्या गावची वीज कोणाच्याही भाकिताची भीड धरीत नाही. पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच यंत्र गरजले, टेबलावरून उडी घेऊन जमिनीवर आले आणि वायरीच्या लांबीइतक्या हद्दीत गरगरा फिरू लागले. शेड सर्वप्रथम कुत्र्याने सोडली, त्यामागोमाग पहिल्या रांगेने. मी स्टुलावर उभा राहिलो, आणि पुतण्याने पिन ओढल्यावरही चकती आपल्या मर्जीने थांबेपर्यंत खाली उतरलो नाही. मिस्त्रीने कप खाली ठेवला नव्हता.

वर्षातून एक दिवस मात्र या यंत्राला त्याचा पूर्ण सरंजाम लाभतो. खंडेनवमीला मिस्त्री डब्याच्या तळातून गार्ड हुडकून काढतो, रॉकेलने पुसतो, यंत्रावर बसवितो, दारावरची मूठही त्या दिवसापुरती स्वस्थानी येते, आणि झेंडूची माळ व हळदकुंकू लावून त्याची यथासांग पूजा होते. असे का, म्हणून विचारता तो म्हणाला, “पूजेला वस्तू खंडित चालत न्हाई.” मी आयुष्यभर शासननिर्णयांतून वाटा काढल्या असल्यामुळे हा आधार हातचा जाऊ दिला नाही, माझे गेट लागणार ते तुळशीवृंदावनाच्या वाटेवर, तेव्हा त्याचे कामही खंडित यंत्राने होणे शास्त्रसंमत नाही, असा मुद्दा मांडला. मिस्त्री विचारात पडला.

गेटचे उरलेले काम गार्ड लावून, मूठ धरून आणि चष्मा कपाळावरून खाली आणून पार पडले. ठिणग्या भिंतीकडे वळल्यामुळे प्रेक्षक मात्र पांगले. नंतर बिल आले: पट्टी, अँगल, बिजागऱ्या, कोयंडा, रंग, आणि सर्वांत खाली, वेगळ्या शाईत, ‘गार्ड लावून काम केल्याबद्दल जादा मजुरी’. असले कलम मी पाहिलेल्या कोणत्याही दरसूचीत नव्हते, आणि नोकरीत असतो तर हे बिल आक्षेपासह परत गेले असते. मी त्यावर ‘मंजूर’ असे लिहून सही केली आणि सवयीप्रमाणे खाली तारीख घातली.