सोवळ्यातला पेनड्राइव्ह

टीव्ही अपडेट करायला इंजिनिअर लागतो हा गैरसमज आहे. सोवळं पाळलेलं माणूस लागतं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या आत्याचा स्मार्ट टीव्ही ऐन मालिकेत अडखळू लागला. वायफाय तिच्या मागच्या खोलीपर्यंत पोचेना, म्हणून फर्मवेअर पेनड्राइव्हवरून घालायचं ठरलं. मी एकेक नियम सांगू लागलो, तर तिला एकही नवा वाटेना.

"आधी टीव्हीच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर बघायचा. एकाच मापाच्या दोन टीव्हींत बोर्ड वेगळा असू शकतो. एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला चालत नाही."

"म्हणजे आडनाव एक असलं तरी गोत्र विचारायचं."

"फाइल फक्त कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्यायची."

"परान्न नकोच."

पेनड्राइव्हमध्ये काकांची नाट्यगीतं होती. ती लॅपटॉपवर काढून ठेवली, कारण फॉरमॅट केलं की सगळं जातं. फॉरमॅट फॅट-३२; पद्धत १९९६ सालची, ४ जीबीची फाइलही तिला झेपत नाही, पण बरेचसे टीव्ही अजून तीच मानतात. "बघ, मिरवायला स्मार्ट, रीत मात्र जुनीच!" आत्या खूश.

झिप सोडवून आतली फाइल पेनड्राइव्हवर उघड्यावर ठेवली, फोल्डरमध्ये नाही. नावही बदललं नाही. लाडाने 'आत्याचा टीव्ही' केलं असतं तर टीव्हीने तिला ओळखच दाखवली नसती.

मुहूर्तात गुरुवार वर्ज्य. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी जाते, आणि फर्मवेअर अर्धवट लिहून झालं असताना वीज गेली की जुनं पुसलेलं, नवं अपुरं. टीव्ही सुरूच होत नाही. आत्याने शुक्रवार काढला, वर राहुकाळही टाळला. मी टीव्ही इन्व्हर्टरवर घेतला. दोघांचंही समाधान झालं.

पडद्यावरची पट्टी निम्म्यावर येऊन थबकली. 'अडकलं वाटतं' म्हणत काका पेनड्राइव्हकडे हात नेऊ लागले.

"शिवू नका!"

काका जागीच थिजले. इतकी नेमकी सूचना कंपनीच्या पुस्तिकेतही नाही.

पट्टी भरली, टीव्ही आपणहून बंद झाला, पुन्हा उजळला, आणि नव्याकोऱ्या पडद्यावर सर्वांत आधी अवतरली चिकन बिर्याणीची भलीमोठी जाहिरात. मी आत्याकडे बघायचं टाळलं.

तिने मालिका लावून पाहिली. लोण्यासारखी चालली.

"अडखळत नाही ना? मग सोवळं सुटलं," असं म्हणून तिने रिमोट काकांच्या हातात दिला. "आता शिवा काय ते."